अर्धा पिक्चर आणि वाडीचा टोप

हल्ली आमच्या घरात जेवताना मोबाईल समोर उभा करून पिक्चर बघायची पद्धत पडली आहे. परवा नातीनं पाण्याच्या तांब्याला टेकवून असाच एक लावला. लांब कोट घातलेला एक बावळट गुप्तहेर, तोंडात पाइप, हातात भिंग. चोराच्या पावलांचे ठसे शोधत तो बंगल्याभोवती फिरतो आणि बऱ्याच फेऱ्या झाल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपण आपल्याच ठशांमागे फिरतोय. नात हसून हसून ठसकली, जावयानं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि स्वतःही हसत सुटला. मी ताट उचललं आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. लेक मागोमाग आली. काय झालं म्हणाली. मला असले पिक्चर आवडत नाहीत, मी म्हटलं. अगं आई, विनोदी आहे तो, ती म्हणाली. म्हणूनच, मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, आणि मी तिला कधी सांगितलंही नाही, तेव्हा चूक तिची नाही. आता लिहूनच काढते. रागात असताना लिहू नये म्हणतात. पण राग जायची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचंच नाही. इतकी वर्षं झाली, तो काही गेलेला नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. डांबरी रस्ता खाली ओढ्यापर्यंत यायचा आणि तिथून पुढे सगळी चढण पायी. वडील एसटीत ड्रायव्हर होते, महाड डेपोला. त्यांची महाबळेश्वरची गाडी घाट चढायला लागली की पहिल्या गियरचा आवाज आमच्या अंगणात ऐकू यायचा, आणि आत्या चुलीपुढून न उठता सांगायची, "आला गो तुजा बापूस." गाडी थांबायची नाही, ती तशीच वर निघून जायची, पण मी आणि ताई अंगणाच्या कडेला जाऊन उभ्या राहायचो. आई मी कळती व्हायच्या आधीच गेली होती. आम्हा दोघींना वाढवलं ते सगुणाआत्यानं. ती वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात तिचा नवरा गेला आणि सासरच्यांनी तिला तिच्या पेटीसकट आणून आमच्या अंगणात सोडलं. त्यावर ती कधी बोलली नाही. तिचं बोलणं हातांनी चालायचं. सकाळी मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. तांदळाची भाकरी, तव्यावर परतलेली सुकट, आणि वालाचं बिरडं असलं की आदल्या दिवसापासून मोड आलेले वाल सोलायला आम्ही तिघी पडवीत बसायचो. कडवे वाल सोलताना बोटांना जो वास लागतो तो आजही मला आमच्या त्या घरात नेऊन सोडतो.

वडिलांना एकच व्यसन होतं, रहस्यकथांचं. महाडच्या वाचनालयातून आणायचे, मुक्कामाच्या गाडीत वाचायचे आणि सुट्टीला घरी आले की पुस्तक माझ्या हाती. त्या पुस्तकांची शेवटची पानं बहुतेक वेळा गळालेली असायची. मग आम्ही बापलेक जेवताना चोर कोण असेल यावर वाद घालायचो. वडील म्हणायचे माळी, मी म्हणायची पुतण्या. आत्या वाढता वाढता म्हणायची, "पुस्तकातला चोर घावला तर तुमाला काय मिळनार हाय? जेवा आता." पण तिलाही ऐकायला आवडायचं. वाद रंगला की ती पळी हातात धरून तशीच उभी राहायची.

आमच्या पडवीला लागून एक अंधारी खोली होती. तिला सगळी वाडी भांड्यांची खोली म्हणायची. वाडीत लग्न असो नाहीतर बारावं, सगळ्या गावाचं जेवण रांधायची भांडी कुणा एकाच्या घरी नसायची. ती वाडीनं वर्गणी काढून केव्हातरी घेतलेली होती. तांब्याचे टोप, पराती, झारे, वाढायच्या बादल्या, आणि प्रत्येकाच्या काठावर वाडीचं नाव टोचून घातलेलं. त्यातला मोठा टोप एवढा होता की लपंडावात मी त्यात बसले तर बाहेरून शेंडीसुद्धा दिसायची नाही. खोलीची चावी आधी आजीकडे होती, ती गेल्यावर आत्याकडे आली; एरवी ती पडवीतल्या खुंटीला टांगलेली असायची. लिहून ठेवायची भानगड नव्हती. रीत अशी, की भांडं नेणाऱ्यानं उंबऱ्यापाशी उभं राहून मोठ्यानं सांगायचं, "मोठा टोप, नेला." आत्या तेच परत म्हणायची, "नेला." काम झाल्यावर "आनला" म्हणायचं, आणि आत्या वाकून बोटाच्या पेरानं टोपावर वाजवून बघायची, कुठं चीर गेली नाही ना, आणि मग म्हणायची, "आनला." ह्यात कुणी हसायचं नाही, पोरंटोरंसुद्धा नाही. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकून ते पुन्हा बोलायचं, की व्यवहार पुरा झाला.

विधवेला हळदीला कुणी बोलवत नसे. नवरीच्या वाटेत ती येऊ नये म्हणून बायका नजरेनं सांगायच्या, आणि ते सांगणं आत्याला शब्दांपेक्षा आधी कळायचं. पण भांडी निघाल्याशिवाय लग्नघरची चूल पेटत नव्हती. त्यामुळे लग्न ठरलं की वरमाय असो की वधूमाय, तिला पहिल्यांदा आमच्या दारात यावं लागायचं, आणि म्हणावं लागायचं, "सगुणे, परवा भांडी काढाया ये गो." मग आत्या ठेवणीतलं लुगडं काढायची, चावी कनवटीला लावायची आणि निघायची. लग्नाच्या चुलीपाशी ती उभी राहिली की बाप्ये तिच्या शब्दासरशी टोप उतरवायचे आणि चढवायचे. वाडीत तिला जी काही जागा होती ती त्या चावीची होती. दुसरी नव्हती. पुढचं सगळं कळायचं असेल तर एवढं ध्यानात ठेवावं.

मे महिन्यात मुंबईची माणसं घरी आली की वाडीची सत्यनारायणाची पूजा व्हायची आणि पूजेला व्हिडिओ आणायचा. रात्री घराघरात दिवे लागले की व्होल्टेज असं पडायचं की टीव्हीतली माणसं आक्रसून वितभर व्हायची, म्हणून पिक्चर भर दुपारी, शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून. व्हिडिओचं सगळं बाळाराम बघायचा. बाळाराम मुंबईला एका कंपनीत शिपाई होता, दिसायला उमदा आणि नकला करण्यात पटाईत. तो वाडीत शिरला की पोरं त्याच्या मागे आणि बायका खिडकीत. तो पाटलाची चाल करून दाखवायचा, भटजींचा आवाज काढायचा, आणि ज्याची नक्कल होई तोही हसायचा, कारण न हसणाऱ्याची तो दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचा. आदल्या वर्षी व्हिडिओचं मशीन चढणीवर दगडाला आपटून बंद पडलं होतं आणि वाडी पिक्चरविना राहिली होती. या वर्षी असं होऊ देणार नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता.

पूजेच्या सकाळी आत्यानं भांड्यांची खोली उघडली आणि मोठा टोप जागेवर नव्हता. ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. तिनं मला विचारलं, ताईला विचारलं, परसात जाऊन बघून आली. "कोन बोल्लंच नाय गो नेला म्हनून," एवढंच ती पुनःपुन्हा म्हणत होती. दोन लहान टोपांत भात शिजवून प्रसादाचं जेवण कसंबसं उरकलं, पण बातमी पंगतीबरोबर फिरली. मोठा टोप गेला. तांब्याचा. एवढा मोठा टोप जाईल कुठं?

दुपारी पिक्चर लागला. असाच, परवासारखा. श्रीमंत बाईच्या वाढदिवसाला तिचा हिऱ्यांचा हार चोरीला जातो आणि लांब कोटातला गुप्तहेर येतो. तो कुत्र्याची उलटतपासणी करतो, विहिरीत पडतो, भिंग कानाला लावून भिंतीचं ऐकतो. मला ते कशाची टर उडवताहेत हे कळत होतं. वडिलांच्या पुस्तकांतला हुशार गुप्तहेर शेवटी सगळ्यांना एका दिवाणखान्यात जमवतो आणि एकेकाचं नाव घेत चोरापर्यंत पोचतो, त्याचीच ती चेष्टा होती, आणि मी पोट धरून हसत होते. पण वाडीत रहस्यकथा वाचणारं आमच्या घराबाहेर कुणी नव्हतं. त्यांनी खरा गुप्तहेर कधी ऐकला नव्हता, वाचला नव्हता. त्यांना पहिला भेटला तो हा, खोटा. त्यामुळे त्यांना वाटलं, गुप्तहेर असाच असतो, जरा वेडगळ, पण चोर बरोबर पकडतो. आज वाटतं, सगळा घोळ तिथेच झाला. ज्याची टिंगल चालली आहे ती वस्तू ठाऊक नसेल तर माणसं टिंगलीलाच खरं धरून चालतात.

पडद्यावर गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात जमवलं. दिवाणजी, डॉक्टर, भाचा, एकेकाकडे बोट करत तो फिरला, आणि शेवटी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मोलकरणीसमोर थांबला. त्यानं बोट वर केलं आणि लाइट गेली. शाळेत एकच ओरडा झाला. घोंगड्या काढल्या, उन्हं आत आली, माणसं घामानं निथळत बसून राहिली. लाइट येईना. कुणीतरी म्हणालं, बाळारामा, तू बघितलाय ना मुंबईला, शेवट सांग. बाळारामला तेवढंच पाहिजे होतं. त्यानं गुरुजींची छत्री घेतली, मुंबईला रखवालदारी करणाऱ्या एकाचा खाकी कोट अंगात चढवला, काचेच्या ग्लासचा बुडखा डोळ्याला लावला आणि तोच गुप्तहेर झाला. "हार गेला खड्ड्यात," तो म्हणाला, "आपल्याकडं येक मोठी केस हाय. टोप कुनी नेला?" शाळा हसून कोसळली.

मग तो एकेकापुढे गेला. पाटलाच्या पोटावर ग्लास लावून म्हणाला, टोप हितं दिसतोय. भटजींच्या दक्षिणेच्या पिशवीत वाकून बघितलं. प्रत्येक जण आपल्यावर पाळी आली की लाजून हसायचा. त्याच वेळी आत्या चहाची किटली घेऊन दारात आली. तापलेली किटली, पदर गुंडाळून धरलेली. तिला आत काय चाललंय ते ठाऊक नव्हतं. बाळारामनं तिला बघितलं, एक क्षण थांबला आणि पडद्यावरच्यासारखं हळूहळू बोट वर केलं. "चहावाली," तो म्हणाला. "चावी कुनाकडं? टोप कुनाकडं? ज्याची चावी त्याची चोरी." लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. आत्या किटली घेऊन तशीच उभी. हसू ओसरत आलं तेव्हा मागून कुणीतरी सहज म्हणालं, "पन खरंच की रं, चावी तर तिच्याकडंच व्हती." त्यावरही लोक हसले, पण ते हसणं आधीसारखं नव्हतं. मी उठून आत्याच्या हातातली किटली घेतली. तिचा तळवा भाजला होता आणि तिला ते कळलं नव्हतं.

तिला कुणी चोर म्हटलं नाही. हेच मला आजही सहन होत नाही. चोर म्हणाले असते तर ती भांडली असती, वडील भांडले असते, देवापुढे कौल लावला असता. चार दिवसांनी गावकी बसली आणि गावकीचे म्होरके धोंडूबाबा गोड आवाजात म्हणाले की सगुणेवर आमचा काही आळ नाही, पण चावी एका घरात फार वर्षं झाली, जरा दुसरीकडे ठेवून बघू. चावी गेली ती तानाकाकीकडे, म्हणजे बाळारामच्या आईकडे. भांडीही तिच्या माळ्यावर गेली. वडील सुट्टीवर आले तेव्हा मी त्यांच्यापुढे रडले. ते म्हणाले, "मस्करी व्हती गो ती. लोक इसरतील." ज्या माणसाला पुस्तकातला चोर अर्ध्यातच कळायचा, त्याला स्वतःच्या बहिणीचं काय गेलं ते कळलं नाही. की कळून गप्प बसला, वाडीत राहायचंय म्हणून? मी त्यांना हे त्यांच्या हयातीत विचारलं नाही, पण राग त्यांच्यावरही होता. आणि लोक विसरले नाहीत. लोक चोरी विसरतात, मस्करी विसरत नाहीत. वाडीतली पोरं लगोरी खेळताना ओरडायची, "ज्याची चावी त्याची चोरी," आणि आत्या पाण्याला निघालेली असली की जास्तच मोठ्यानं.

मधल्या काळात वाडीत लग्नं झाली. आमच्या दारात कुणी आलं नाही. बोलवायला कारणच उरलं नव्हतं. मग ताईचं लग्न ठरलं. जिच्या केसांना आत्यानं तेल लावलं, जिला ताप आला की आत्या मांडीवर घेऊन बसायची, त्या ताईच्या लग्नाची भांडी तानाकाकीनं काढली आणि मोठा टोप शेजारच्या वाडीतून मागून आणला. मांडवाच्या चुलीपाशी तानाकाकी उभी होती. आत्या परसात बसून वाल सोलत होती, त्या दिवशी कुणाला बिरडं नको होतं तरी. मी तिला चल म्हटलं. ती म्हणाली, "मी तिकडं कशाला? माजं काय काम हाय?" बाळाराम मांडवात जावयांच्या नकला करत होता आणि मांडव हसत होता. निघताना ताई मागच्या दारी येऊन आत्याच्या गळ्यात पडली. एवढंच त्या लग्नात आत्याच्या वाट्याला आलं.

पुढं मी शिकायला महाडला आले. वडिलांची डेपोजवळ एक खोली होती, तिथं राहायची. पहिल्याच पावसाळ्यात, बाजारातून येताना जोराची सर आली म्हणून एका दुकानाच्या पायरीवर चढले. व्हिडिओ भाड्यानं देणारं दुकान होतं. गिऱ्हाइकांच्या ओल्या छत्र्या ठेवायला दाराशी एक तांब्याचा टोप होता. काळवंडलेला, तळाशी गढूळ पाणी, त्यात छत्र्या उभ्या. मी छत्र्या बाजूला केल्या आणि काठावरून बोट फिरवलं. आमच्या वाडीचं नाव बोटाला लागलं.

दुकानदार साधा माणूस होता. तो का, म्हणाला, पोलादपूरकडचा एक जण मुंबईला असतो, त्याचा आहे. मशीन न्यायला दरवर्षी येतो. एकदा मशीन आपटू नये म्हणून टोप घेऊन आला, पेंढा घालून त्यात ठेवतो म्हणाला. पण त्याच साली आम्ही मशीनला लाकडी पेटी केली होती. मग टोप इथेच ठेवला, परत येताना नेतो म्हणाला. मशीन परत द्यायला आला तेव्हा म्हटलं, तुमचा टोप, तर म्हणाला, आता नको, राहू दे. "दर खेपेला विचारतो हो मी," दुकानदार म्हणाला, "दर खेपेला म्हणतो, राहू दे." पाऊस थांबला तरी मी पायरीवरच बसून होते. म्हणजे पूजेच्या आदल्या दिवशी, आत्या आम्हा दोघींना घेऊन पोलादपूरच्या बाजाराला गेलेली असताना, त्यानं खुंटीवरची चावी काढून टोप नेला आणि कुणाला बोलला नाही. इथवर ठीक, धांदरटपणा म्हणू. पण शाळेत छत्री घेऊन तो "टोप कुनी नेला" विचारत होता तेव्हा टोप कुठे आहे हे त्या अख्ख्या खोलीत एकट्या त्याला ठाऊक होतं. हशा मिळत होता, म्हणून त्यानं सांगितलं नाही. आणि नंतर सांगायचं म्हणजे स्वतःचं हसं झालं असतं. त्यानं दुसऱ्याचं होऊ दिलं.

दुकानदाराला मी त्या पिक्चरचं विचारलं. त्याच्याकडे ती कॅसेट अजून होती. गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं शेवट लावून दाखवला. गुप्तहेर मोलकरणीला बेड्या घालायला खिशात हात घालतो आणि हार त्याच्याच कोटाच्या अस्तरातून बाहेर येतो. सकाळी तपासायला म्हणून घेतला आणि विसरला. सगळा दिवाणखाना हसतो. सगळ्यांत जास्त ती मोलकरीण हसते, डोळ्यांतलं पाणी पुसत पुसत. दुकानदारही हसला. मी त्याला म्हटलं, बंद करा.

टोप कुणाचा ते दुकानदाराला सांगून मी तो हमालाकरवी खोलीवर आणून ठेवला. वडील ड्युटीवरून आले, त्यांनी तो बघितला, काठ चाचपला, आणि मी सगळं सांगितल्यावर न जेवता भिंतीला टेकून बसून राहिले. गणपतीला मुंबईची माणसं येईपर्यंत आम्ही कुणाला बोललो नाही. मग त्या दिवशी ओढ्यापाशी गाडीतून उतरल्यावर मी एका कडेला हात घालायला गेले, तर वडील म्हणाले, तू सोड. त्यांनी टॉवेलाची चुंबळ केली आणि खाकी युनिफॉर्ममध्ये तो टोप डोक्यावर घेऊन सगळी चढण चढले. शेतात वाकलेली माणसं उभी राहून बघत होती.

शाळेत गावकीचं भजन चाललं होतं. मी घरी जाऊन आत्याला हाताला धरून आणलं. ती दारातच थांबली. वडिलांनी टोप भजनाच्या मधोमध उतरवला आणि टाळ थांबले. मी उभी राहिले आणि दुकानदारानं सांगितलेलं सगळं, शब्दाला शब्द, सांगितलं. मला वाटलं होतं आता बाळारामची मान खाली जाईल. क्षणभर त्याचा चेहरा पांढरा पडला हे मी पाहिलं. मग त्यानं कपाळावर हात मारला. "अरे हां, तो टोप," तो म्हणाला, "साला, इसरलोच की." आणि उठून, ग्लास डोळ्याला लावल्यासारखी मूठ धरून, स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं. "चोर घावला. मीच."

आणि वाडी हसली. वाडी मनापासून, सुटल्यासारखी हसली. कारण आता कुणी चोर नव्हतं, कुणाचं काही चुकलं नव्हतं, सगळी गंमत होती. हसता हसता सगळ्यांनी दाराकडे बघितलं. आत्या हसली की झालं, संपलं. तानाकाकी म्हणाली, "हस गो सगुणे आता, केवढ्याचं काय झालं." धोंडूबाबा म्हणाले, "जाऊ दे सगुणे. झालं गेलं गंगेला मिळालं."

"गंगेला नाय मिळालं, बाबा," आत्या म्हणाली. "महाडला व्हतं. दुकानात."

ती आत आली आणि टोपाजवळ उभी राहिली. बाळारामला म्हणाली, "माज्याकडं बोट केलंस तवा तुला ठावं व्हतं ना?" तो हसत इकडेतिकडे बघू लागला, कुणीतरी साथ देईल म्हणून. कुणी दिली नाही. "दर वर्साला दुकानदार इचारी, तवा पन ठावं व्हतं," ती म्हणाली. तो पुटपुटला, चुकलं आत्ये, माफी मागतो. "माफी नको मला," ती म्हणाली. "नेला म्हन."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्यानं हसायचा शेवटचा एक प्रयत्न करून पाहिला. आत्या थांबली होती. सगळी वाडी थांबली होती. ह्या गोष्टीत हसायचं नसतं हे प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक होतं. "मोठा टोप," तो खाली बघत म्हणाला, "नेला." "नेला," आत्या म्हणाली. सुटका झाली असं वाटून तो पुढे वाकला आणि टोपाला हात लावून घाईनं म्हणाला, "आनला." आत्यानं ते परत उच्चारलं नाही. टोप त्यानं आणलाच नव्हता. तेव्हा भिंतीपाशी उभे असलेले माझे वडील, डोक्यावरची चुंबळ अजून तशीच, पुढे आले. "मोठा टोप, आनला," ते म्हणाले. आत्या वाकली, बोटाच्या पेरानं टोपावर वाजवलं, कान देऊन ऐकलं, आणि म्हणाली, "आनला."

तानाकाकीनं कनवटीची चावी काढून तिच्या हातात दिली. आत्यानं घेतली. पुढच्या लग्नाला बायका पुन्हा आमच्या दारात आल्या आणि आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. पण ताईचं लग्न काही दुसऱ्यांदा झालं नाही. बाळाराम आता वाडीचा मानकरी आहे, नकलांबद्दल त्याचा सत्कार झाला, आणि त्या भाषणात त्यानं टोपाचा किस्सा रंगवून सांगितला असं कानावर आलं. 'नेला' म्हणावं लागलं ते वगळून, अर्थातच. आत्या जाईपर्यंत त्या गोष्टीवर हसली नाही. वाडीतल्या लोकांनी तिच्या हसण्याची फार वाट पाहिली. तिनं त्यांना ते दिलं नाही, आणि तिच्या आयुष्यात तिनं केलेली ती सगळ्यांत मोठी गोष्ट होती असं मी मानते.

परवा मी मागच्या पडवीत बसले होते तिथं पिक्चर संपल्यावर नात आपलं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. आजी, तू उगाच उठलीस, म्हणाली, शेवट भारी होता, चोरी त्या गुप्तहेराच्याच हातून झालेली, आळ भलत्याच बाईवर, आणि सगळे इतके हसतात. मी विचारलं, आणि जिच्यावर आधी आळ आला होता ती? नात घास तोंडात धरून आठवत राहिली. मग म्हणाली, "ती शेवटी दाखवलीच नाही गं."